शेवटच्या पानाकडे पाहून वाढावे

माउली, प्रपंचाला साठवण लागते हे संतांनी कधी नाकारलेले नाही. कणगीत वर्षाचे धान्य, माळ्यावर गोवऱ्या, मृगाआधी वळचणीला रचलेले सरपण, हे सगळे गृहस्थधर्मात बसते. मुंगीसुद्धा साठवते. मग शास्त्राने अपरिग्रह कशासाठी सांगितला? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे वर्णन करताना हा शब्द येतो, आणि पतंजलींनीही पाच यमांत तो शेवटी ठेवला आहे. परिग्रह म्हणजे नुसते जवळ बाळगणे नव्हे. परि म्हणजे सर्व बाजूंनी, ग्रह म्हणजे धरणे. सर्व बाजूंनी असे धरायचे की दुसऱ्याचा हात आत शिरू नये, त्याला परिग्रह म्हणावे. पन्नास वर्षे मी हा भेद कीर्तनात सांगत आलो. तो रस्त्यावर उघडा दिसला तो २०२४ सालच्या पहिल्या दोन दिवसांत, पेट्रोल पंपावर.

त्या दिवसांची आठवण बहुतेकांना असेल. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ (२) असे आले की, निष्काळजीपणे वाहन चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. ट्रक आणि टँकरचे चालक बिथरले. थांबलो तर जमाव मारील, पळालो तर दहा वर्षे, हा त्यांचा पेच. १ जानेवारीला देशभर गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथून टँकर निघेनात, आणि संध्याकाळपर्यंत गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या.

या वादात मी न्यायाधीश होणार नाही. कार्तिकी वारीच्या दिंडीत वाहन घुसून चालती बोलती माणसे गेल्याच्या वार्ता आपण ऐकल्या आहेत. रस्त्यात पडलेल्या जिवाला टाकून पळणाऱ्याचे समर्थन वारकरी कसे करील? आणि आषाढीच्या वाटेवर दिंडीचे सामान वाहणारा ट्रक, पाण्याचा टँकर हाकणारा तो चालकही आपलाच. रात्री आपण राहुटीत झोपतो तेव्हा तो स्टिअरिंगला डोके टेकून झोपतो. दोन्ही बाजूंना माणूस आहे एवढे सांगून पुढे जातो. २ जानेवारीच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची संघटना यांची बैठक झाली, चर्चेशिवाय ते कलम लागू करणार नाही असे सांगितले गेले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हाही ते कलम बाजूला ठेवले गेले.

म्हणजे हिशेब केला तर टंचाई दोन दिवसांची. पानेवाडीच्या टाक्यांत तेल होते. मुंबईहून मनमाडपर्यंत तेलाची नळवाहिनी जमिनीखालून येते, तीही कुठे गेली नव्हती. अडली होती ती फक्त डेपोपासून पंपापर्यंतची वाट. मग दोन दिवसांत एवढे पंप कोरडे कसे पडले?

साधे गणित मांडून पाहू. समजा एका पंपावर रोज ३०० दुचाक्या येतात आणि प्रत्येक जण एकेक लिटर घेतो. आपल्याकडे शंभराची नोट देण्याची रीत आहे, आणि तेव्हा शंभरात लिटरही पुरे येत नव्हते. तर दिवसाचा खप ३०० लिटर. भीतीच्या दिवशी तीच ३०० माणसे आली आणि प्रत्येकाने टाकी भरून ८ लिटर घेतले, तर २४०० लिटर गेले. आठ दिवसांचे एका दिवसात संपले. शिवाय ज्यांना दोन दिवस गाडीला किक मारायची नव्हती तेही आले, बाटल्या आणि कॅन घेऊन आले. पेट्रोल कुठे नाहीसे झाले नव्हते. ते पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून माणसांच्या बुडाखालच्या टाकीत गेले होते. आठवड्याभराने मी त्याच पंपावरून गेलो तर तिथला पोरगा खुर्चीत पेंगत होता. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या, येणार कोण?

दामाजीपंतांचे आख्यान मी किती वेळा लावले असेल, मोजदाद नाही. मंगळवेढ्याची कोठारे भरलेली आणि वेशीबाहेर माणसे अन्नान्न करून मरत होती. दामाजींनी कुलूप काढले आणि बादशहाचे धान्य लुटवले. पुढे विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंगाने बेदरला रक्कम भरली, ही कथा लेकराबाळांना माहीत आहे. कीर्तनात श्रोता दामाजींकडे पाहतो, बादशहाकडे पाहतो, विठूच्या थैलीकडे पाहतो. त्या दिवशी मला कोठाराकडे पाहावेसे वाटले. दामाजींच्या काळी कोठार एक होते आणि कुलूपही एक होते. ते उघडायला एक धैर्यवान पुरे होता. आता कोठाराचे हजार तुकडे होऊन हजार घरी गेले आणि प्रत्येकाने आपापले कुलूप लावले. आता एका दामाजीने भागत नाही, प्रत्येकाला थोडे थोडे दामाजी व्हावे लागते.

२ तारखेला मंगळवार होता. आमच्या शेजारच्या वहिनींचे डायलिसिस मंगळवारी आणि शनिवारी नाशिकला होते. आमच्या गावापासून जाऊन येऊन दीडशेच्या वर किलोमीटर. एक वारही चुकवून चालत नाही, अंगावर सूज चढते, दम लागतो. त्यांच्या मुलाची गाडी डिझेलची, काटा तळाला टेकलेला. आईला गाडीत बसवून तो निघाला, मीही बरोबर गेलो. रांग पंपापासून ओढ्याच्या पुलापलीकडे. आमच्या पुढे एक शेतकरी ट्रॅक्टर लावून, हातात मोठा कॅन घेऊन उभा. त्याचा रांगडा कांदा काढणीला आलेला. डिसेंबरात निर्यात बंद झाल्यापासून भाव पडलेले, त्यात ट्रॅक्टर शेतात अडकला तर उरलेसुरलेही जायचे. धोतर, गळ्यात माळ, कपाळी बुक्का पाहून त्याने हात जोडले. मी म्हटले, "माउली, ट्रॅक्टरची टाकी भरा, पण कॅन राहू द्या. मागे फार लोक आहेत."

तो शांतपणे म्हणाला, "महाराज, आज नाही घेतलं आन् उद्या नाही मिळालं, तर तुम्ही हमी घेता का?"

कीर्तनात असे कुणी विचारत नाही. तिथे आपण बोलतो आणि श्रोता मान डोलावतो. इथे माणूस उत्तर मागत होता आणि हमी द्यायला माझ्याकडे काही नव्हते. मी तसेच सांगितले, "हमी नाही." मग त्याने गाडीत पाहिले. वहिनींचा सुजलेला चेहरा त्याला दिसला असावा. ट्रॅक्टर बाजूला घेऊन तो म्हणाला, "आधी आजीला जाऊ द्या." त्याने पुढच्या चौघांनाही ओरडून सांगितले. एकाने कुरकुर केली, तिघांनी वाट दिली. पंपवाल्याने तोवर मर्यादा घातली होती, दुचाकीला दोनशेचे आणि चारचाकीला हजाराचे. हजारात जाणे-येणे जेमतेम भागणार होते, ते भागले. निघताना मागे वळून पाहिले. त्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याच्या हजारात जेवढे आले तेवढे घेतले, त्यातले थोडे कॅनमध्येही घेतलेच.

मला त्यात विसंगती वाटली नाही. त्याने आपला वेळ दिला, जागा दिली, पण उद्याची भीती त्याच्याच्याने देववली नाही. आपल्यापैकी बहुतेकांची परमार्थातली मजल इथपर्यंतच असते. समोर आजारी आजी दिसली की हृदय पाझरते. जो दिसत नाही, रांगेत शंभर गाड्या मागे उभा आहे, त्याच्यासाठी पाझरत नाही. त्या शंभराव्या गाडीतही कुणाची आई बसलेली असू शकते.

त्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर पुष्कळ दिवस शोधले. नवव्या अध्यायात भगवंत अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचा भार स्वतःवर घेतात. भाष्यकार सांगतात, न मिळालेले मिळणे हा योग आणि मिळालेले राखणे हा क्षेम. या वचनाचा अर्थ "तुझी टाकी कधी रिकामी होणार नाही" असा कुणी घेत असेल तर ते फसवणूक करून घेणे आहे. भक्तांच्या घरी उपास घडले आहेत. तुकोबारायांच्या काळच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणे होते तेच सोडून दिले. ज्याचे घर धुऊन निघाले त्याने आणखी घट्ट धरायला हवे होते, त्याने मूठ उघडली. हमी मिळाली म्हणून त्यांनी सोडले नाही. भार देवावर आहे याची खूण एवढीच की हमी नसतानाही हात उघडता येतो.

दुसरा विचार रांगेचा. आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते. माणसे दिवसरात्र उभी राहतात, भजन करतात, एकमेकांना पाणी पाजतात. तीच माणसे पंपाच्या रांगेत का हमरीतुमरीवर येतात? कारण सरळ आहे. बारीत पुढच्याने दर्शन घेतले म्हणून मागच्याचा विठ्ठल कमी होत नाही. ज्याला वेळ नाही तो मुखदर्शन घेतो, तेही नाही जमले तर नामदेव पायरीला आणि कळसाला हात जोडून परततो आणि पूर्ण होऊन परततो. पेट्रोलचे तसे नाही. पुढच्याने घेतले की मागचे घटते. म्हणून बारीत जी शिस्त प्रेमाने आपोआप येते, ती अशा रांगेत विवेकाने आणावी लागते. तिथे आपले वारकरीपण कसाला लागते.

तो विवेक मी पंगतीत शिकलो. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो. दिवसा लोक खडी फोडायला जात, रेशनला लाल मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. रॉकेल दुर्मिळ, म्हणून कीर्तनाची गॅसबत्ती पेटत नसे. चांदणे असेल तर चांदण्यात, नाहीतर दिवस मावळायच्या आत कीर्तन उरकायचे. त्या वर्षी सप्ताह बंद ठेवावा असे गाव म्हणत होते. आमचे गुरुवर्य म्हणाले, सप्ताह होईल. घरटी मूठभर पीठ जमले. काल्याच्या दिवशी मी वाढायला उभा. पहिल्या पानावर मी सवयीने अख्खी भाकरी ठेवली. गुरुवर्यांनी लांबूनच हाक मारली, "पोरा, हातातल्या पानाकडं नको पाहू. शेवटच्या पानाकडं पाहून वाढ." मी ओळीच्या टोकाला पाहिले. तिथे खडीवरून आलेल्या बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या. मग प्रत्येक पानावर अर्धी अर्धी पडली आणि शेवटच्या पानालाही अर्धी मिळाली. कुणाचे पोट भरले नाही, पण रिकाम्या पानावरून कुणी उठले नाही.

आता कुणी म्हणेल, वारकऱ्याला पेट्रोलशी काय कर्तव्य, तो तर पायी चालणारा. असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. बैलगाड्या गेल्या, दिंडीमागे ट्रक आला. पाणी टँकरने येते, भात गॅसवर शिजतो, कीर्तनकार रात्रीतून दोन गावे गाठतो. आपली वारी पायांवर चालते तशी डिझेलवरही चालते. म्हणून असे दिवस पुन्हा आले, आणि ते येतील, तर काही गोष्टी फडकऱ्यांनी, दिंडीचालकांनी आणि आपण सर्वांनी ठरवून ठेवाव्यात.

सुगीच्या काळात टाकी अर्धी झाली की भरावी. तेव्हा भरल्याने कुणाचे अडत नाही, ती साठवण. बोंब उठल्यावर तीच टाकी काठोकाठ भरणे म्हणजे हिसकावणे. कृती एकच, वेळ बदलली की धर्म बदलतो. पेट्रोल बाटलीत किंवा कॅनमध्ये भरून घरी ठेवू नये. त्याची वाफ चुलीपर्यंत, समईपर्यंत पोहोचते आणि घर पेटते. मोबाइलवर आलेला "उद्यापासून पंप बंद" हा निरोप खात्री केल्यावाचून पुढे पाठवू नये. नामस्मरणाने जिभेला जे वळण लावले ते बोटांनाही लावावे. गावात डायलिसिसचे, बाळंतपणाचे, दवाखान्याचे कोण आहे हे आधी माहीत असावे आणि त्यांची गाडी पहिली भरावी. एका दिशेला जाणाऱ्या चार गाड्यांची एक करावी. आणि पंपावर नळी हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरावर ओरडू नये. तो वाढपी आहे, अन्न त्याच्या घरचे नाही.

त्या शेतकऱ्याला मी पुन्हा भेटलेलो नाही. भेटला तर सांगेन, हमी मी एकटा देऊ शकत नाही, तुम्ही एकटे घेऊ शकत नाही. पण तुमच्या पुढच्याने शेवटच्या पानाकडे पाहून घेतले, तुम्हीही तसेच घेतले, तुमच्या मागच्यानेही तसेच घेतले, तर जेवढी हमी या मृत्युलोकात मिळू शकते तेवढी तयार होते. दिंडीत आपण तिच्याच भरवशावर चालतो. बाकीचा भार विटेवर उभा आहे त्याच्यावर.

रामकृष्ण हरी.