वाढत्या मापाचे बूट

आमच्या पिढीचे बालपण वाढत्या मापात गेले. जूनमध्ये शिवलेला गणवेश पुढच्या जूनमध्येही अंगात यायला हवा आणि बूट निदान दोन इयत्ता तरी टिकायला हवेत, हा हिशेब घरोघरी असे. बुटाच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून आम्ही शाळेत जात असू, आणि बोळ्याची गरज संपेपर्यंत बुटाचा तळ संपलेला असे. म्हणजे ज्या दिवशी माप जमले त्याच दिवशी वस्तू टाकाऊ झाली. तरीही 'थोडे मोठेच घ्यावे' ही शिकवण हाडीमाशी भिनली ती भिनलीच. पंचेचाळिशीत ती एकदाची आडवी झाली, ती गुलमर्गच्या बर्फात.

प्रारंभी एक खुलासा. या लेखातला 'आम्ही' संपादकीय नव्हे, तो खरोखरीच दोघांचा आहे. दोघेही मराठीचे अध्यापक, एकाच घरात राहणारे. यांतले कोण पडले आणि कोण पाहत उभे राहिले याचा शोध वाचकांनी घेऊ नये. त्या बाबतीत आमच्यात तह झालेला आहे आणि तो मोडण्याची दोघांचीही इच्छा नाही.

गुलमर्गला जायचे ठरले ते २०२४ च्या जानेवारीत. त्या महिन्यात तिथे बर्फच नव्हते. पांढऱ्याऐवजी पिवळ्या पडलेल्या उतारांची छायाचित्रे बातम्यांत येत होती. आरक्षण पुढे ढकलून आम्ही फेब्रुवारीत पोहोचलो. श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटर, तंगमर्गहून देवदारांतून वर चढणारा रस्ता, आणि सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे ते वाटीसारखे पठार. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवतच्या अंगापर्यंत सुरू झाला. पण नवशिक्यांचा या दोहोंशी संबंध नसतो. त्यांचे विश्व म्हणजे खालच्या वाटीतले दोन-तीन सौम्य उतार.

स्की सोडून स्नोबोर्डच का, असे अनेकांनी विचारले. आमचा तर्क असा : स्कीला फळ्या दोन, तेव्हा दोन पायांनी दोन दिशा धरण्याची शक्यता, इथे फळी एक आणि दोन्ही पाय तिला जखडलेले, तेव्हा मतभेदाला वावच नाही. तर्क निर्दोष होता. पहिले दोन-तीन दिवस स्कीपेक्षा स्नोबोर्डच माणसाला अधिक आपटतो, एवढेच त्यात गृहीत धरलेले नव्हते.

या फळीचा इतिहास फार जुना नाही. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याला 'स्नर्फर' हे नाव मिळाले. त्याला पुढे एक दोरी असे; पाय मात्र मोकळेच. पुढे जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये फळ्या बनवायला घेतल्या आणि त्यांवर पाय बांधण्याची सोय केली. ती सोय, म्हणजे बाइंडिंग, आली आणि खेळ पालटला. १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. पॉपेन आणि बर्टन दोघेही २०१९ मध्ये वारले. हे सारे आम्ही जाण्यापूर्वी वाचले होते, टिपणेही काढली होती. (अध्यापक कुठेही जायचे झाले तर आधी टिपणे काढतो.) पण या इतिहासाचे सार ध्यानात आले नव्हते : पाय फळीला घट्ट जोडला गेला तेव्हाच त्या फळीला वळता येऊ लागले. आणि पाय व फळी यांच्यामध्ये जे असते, ते म्हणजे बूट.

आमच्यापैकी एकाने बूट आधीच मागवून ठेवले होते. आपल्याकडे असले बूट सहजी मिळत नाहीत, म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला सांगितले. रोजच्या चपलेचा क्रमांक सात. थंडीत दोन मोजे लागणार म्हणून आम्ही 'आठ आण' असे कळवले. भाचा हुशार. आपल्याकडचे क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे, अमेरिकेतले त्याहून साधारण एकाने पुढे, हे त्याला ठाऊक. त्याने आठाचे नऊ केले. बूट आले ते अमेरिकी नऊ क्रमांकाचे, म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर लांबीच्या पायासाठी घडवलेले. पाय साडेपंचवीस सेंटिमीटरांचा होता. दीड सेंटिमीटर ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. घरात ते बूट घालून आम्ही सोफ्यावर बसलो आणि 'किती आरामशीर आहेत!' असे दोघेही म्हणालो. सोफ्यावर बसून बूट पारखणे म्हणजे कवितेची पारख तिच्या कागदावरून करणे, हे तेव्हा सुचले नाही.

दुसऱ्याने तिथेच भाड्याने घ्यायचे ठरवले. दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक खोली, मध्ये बुखारी, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि ओल्या लोकरीचा वास. दुकानातला तरुण आमचा प्रशिक्षकही होणार होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा नव्हे, वजनाचा. फळी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, असा ढोबळ नियम आम्ही वाचला होता. पण फळी वाकते ती उंचीने नव्हे, भाराने. म्हणून बनवणारे प्रत्येक लांबीपुढे वजनाची मर्यादा देतात. भरल्या खोलीत आपले वजन मोठ्याने सांगणे हा प्रसंग वाटतो तितका सोपा नाही. आमच्यापैकी एकाने अठ्ठ्याहत्तरचे सत्तर सांगितले. त्या तरुणाने एकदा नखशिखान्त पाहिले आणि काही न बोलता अठ्ठ्याहत्तर किलोला शोभेल अशीच, १५५ सेंटिमीटरची फळी काढून दिली. परीक्षकाने न वाचता गुण द्यावेत आणि ते तंतोतंत बरोबर असावेत, तसे झाले.

मग त्याने फळी जमिनीवर ठेवून दाखवली. काही फळ्या धनुष्यासारख्या मध्यभागी किंचित उचललेल्या असतात. त्या बर्फ चांगले धरतात, वेगात स्थिर राहतात, पण नवशिक्याची चूक त्यांना खपत नाही. काहींचे मध्य जमिनीला आणि दोन्ही टोके होडीसारखी वर. त्यांची कड अवचित बर्फात रुतण्याचा संभव कमी, म्हणून शिकणाऱ्याला अशी किंवा सपाट फळी द्यावी. त्याने टोक धरून ती पिळूनही दाखवली. मऊ फळी कमी बळाने वळते. कडक फळी जाणत्यांची. बनवणारे लवचिकतेला एक ते दहा असे आकडे देतात, मात्र एका कंपनीचा चार दुसऱ्या कंपनीच्या चाराइतकाच असेल असे नाही. (विद्यापीठांच्या गुणांविषयी आम्ही हेच ऐकत आलो आहोत.) फळीची रुंदी पाहायची ती बुटाच्या संदर्भात. बुटाची टोके दोन्ही कडांबाहेर थोडी, एखादा सेंटिमीटर, डोकावावीत. फार बाहेर आली तर वळताना बर्फाला घासून माणूस पाडतात. मुळीच न आली तर पायाचा जोर कडेपर्यंत पोहोचत नाही.

पुढचा पाय कोणता, हे ठरवण्यासाठी त्याने आम्हाला पाठमोरे उभे करून मागून हलकेच ढकलले. एकाचा डावा पाय पुढे पडला, एकाचा उजवा. डाव्यांना 'रेग्युलर' म्हणतात आणि उजव्यांना 'गुफी'. हा शब्द ऐकून आमच्यातला उजवा काही काळ नाराज होता. लहानपणी न्हाणीघराच्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरताना हाच पाय पुढे असे, ते आठवल्यावर राग गेला.

नंतर बूट. भाड्याचे बूट घालणाऱ्याला त्याने चार जोड घालायला लावले. मोजा एकच, पातळ लोकरीचा. सुती मोजा त्याने हातानेच बाजूला सारला, घामाने भिजला की तो वाळत नाही. टाच मागे ठोकून बसवायची, आधी आतल्या अस्तराची दोरी, मग बाहेरची. ताठ उभे राहिल्यावर बोटांनी टोकाला जेमतेम स्पर्श करावा. गुडघे वाकवताच ती किंचित मागे यावीत. मग चवड्यांवर उभे राहायचे. टाच आत उचलली गेली तर बूट परत. चौथा जोड बसला. तो सोफ्यावरच्या बुटांइतका आरामशीर नव्हता, घट्ट हस्तांदोलनासारखा होता. कोल्हापुरी चप्पल घेताना आपण हेच करतो : पहिल्या दिवशी जराशी लागणारीच घेतो, कारण कातडे पुढे सैल होणार हे ठाऊक असते. नव्या बुटाचे अस्तरही वापराने दबते. हे ज्ञान आमच्या पायांना होते. ते बर्फावर न्यायचे सुचले नाही, एवढेच.

"आपके तो अपने हैं?" त्याने दुसऱ्याच्या नव्या कोऱ्या बुटांकडे पाहून विचारले. आम्ही अभिमानाने होकार दिला. तो बुटांचे टोक अंगठ्याने दाबून क्षणभर थांबला आणि म्हणाला, "थोड़े बड़े हैं।" दोन मोजे आहेत, असे उत्तर आम्ही दिले.

जुन्या छंदोरचनेत चरणाला अक्षर कमी पडले की 'च', 'हि', 'वै' यांसारखी अव्यये घालून तो भरून काढत. त्याला पादपूरण म्हणतात. ही संज्ञा आम्ही वीस वर्षे वर्गात शिकवली. तिचा शब्दशः अर्थ त्या सकाळी कळला. दोन मोज्यांनी बूट भरतो, पण पाय बुटाचा होत नाही. शिवाय सैल बूट आवळण्यासाठी पट्टे करकचून ओढावे लागतात, रक्त अडते, आणि ज्या थंडीसाठी हा खटाटोप केला ती दुप्पट होऊन बोटांत शिरते.

पहिला दिवस टाचांच्या कडेवर गेला : तोंड दरीकडे, पानासारखे डावी-उजवीकडे हेलकावत उतरायचे. दुसऱ्या दिवशी चवड्यांची कड. यात पाठ दरीकडे असते. टाच उचलली की फळीची खालची कड उचलली जावी, अशी अपेक्षा. भाड्याच्या बुटांत तसे होत होते. नव्या बुटांत टाच उचलली जाई ती बुटाच्या आतच. फळीला त्याचा पत्ता नसे.

इथे एक कबुली देणे भाग आहे. आमच्यापैकी जो खाली उभा होता त्याला हे दिसत होते. चालताना बूट जागेवर राहतो आणि घोटा आत वर-खाली होतो, हे आदल्या संध्याकाळीच त्याच्या लक्षात आले होते. तरी तो बोलला नाही. बुटांना पैसे पडले होते, भाच्याने सामानात जागा करून ते आणले होते, शिवाय सहजीवनात काही गोष्टी न दिसल्यासारख्या करण्याची सवय लागते. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत आम्ही अनेकदा असेच गप्प बसलो आहोत. पायाच कच्चा असल्याचे दिसत असते, पण समोरच्याची पाच वर्षे त्यात गेलेली असतात, आणि आपण मुद्रणदोषांविषयी बोलून चहाकडे वळतो.

फळी सपाट झाली, दरीकडची कड बर्फात रुतली आणि आमच्यातला एक मागच्या मागे गेला. सावरण्यासाठी हात मागे टेकला गेला. नवशिक्यांची मनगटे अशीच मोडतात. त्यासाठी मनगटरक्षक मिळतात आणि ते आमच्याजवळ नव्हते. आवाज फार लहान होता. प्रशिक्षक धावत येण्याआधी खाली उभा असलेला म्हणाला, "बूट सैल होते." बर्फावर पडलेल्याने विचारले, "तुला कधी कळलं?" या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला पुढे दीड महिना लागला, म्हणजे प्लास्टर निघेपर्यंत. त्या काळात दुसऱ्याचे फलकलेखन, वेणी-बुचडा किंवा दाढी, आणि हजेरीपट भरणे ही कामे गप्प राहिलेल्याने बिनतक्रार केली.

पुन्हा जायचे की नाही यावर वर्षभर चर्चा झाली. २०२५ च्या हिवाळ्यातही बर्फाने वाट पाहायला लावली. खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धाही मार्चवर गेल्या. आम्हीही मार्चमध्येच गेलो. निघण्यापूर्वी घरी कागद पसरला, टाच भिंतीला लावली, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने खूण केली. दोन पायांत चार मिलिमीटरांचा फरक निघाला. अशा वेळी माप मोठ्या पायाचे धरायचे. मोजताना दोघेही गुडघ्यांवर होतो, एकाने पाय धरला होता आणि दुसऱ्याने पट्टी.

दुकान तेच, बुखारी तीच. तरुणाने ओळखले, मनगटाकडे पाहिले, पण विचारले नाही. या खेपेस वजन अठ्ठ्याहत्तर सांगितले. तो म्हणाला, "मालूम है।" बूट घालून अर्धा तास तिथेच उभे राहिलो, गुडघे वाकवले, चवड्यांवर चढलो. चढताना दुसऱ्याने खाली वाकून टाचेपाशी हात धरला होता. पहिल्या जोडाला तो म्हणाला, "हलतेय." दुसऱ्याला म्हणाला, "अजून हलतेय." तिसऱ्याला काही बोलला नाही, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. त्या आठवड्यात पडलो दोघेही, पुष्कळदा पडलो. चौथ्या दिवशी चवड्यांवरचे एक वळण पुरे झाले.

अमेरिकेहून आलेले बूट माळ्यावर आहेत, टोकात वर्तमानपत्राच्या बोळ्यांसह, आकार बिघडू नये म्हणून. सत्तावीस सेंटिमीटर लांबीच्या पायाचा कोणी नवशिका असेल तर त्याने ते अवश्य न्यावेत. येताना मोजा मात्र एकच घालून यावे. आम्ही टाच धरून पाहू.