रूळ उखडले, वाट उरली

कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला या उपनगरात जेम्स लाँग सरणी नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. दुकाने, रिक्षा आणि माणसांची वर्दळ यांनी तो दिवसभर गजबजलेला असतो. आजूबाजूच्या गल्ल्या मनाला येईल तशा वळतात. हा रस्ता मात्र डायमंड हार्बर रस्त्याच्या सोबतीने, त्याला समांतर, एका ओढीने पुढे जातो. त्याला हे वळण आगगाडीकडून वारशाने मिळाले आहे. या रस्त्याखाली एके काळी कालीघाट-फलता रेल्वेचे रूळ होते.

मॅक्लिऑड कंपनीने बंगालमध्ये चार छोट्या रेल्वे चालविल्या. वर्धमान-काटवा, अहमदपूर-काटवा, बांकुडा-दामोदर या तिघी, आणि चौथी ही. १९१७ साली ती सुरू झाली. माझेरहाटपासून हुगळीकाठच्या फलता गावापर्यंत सुमारे ४३ किलोमीटर तिची धाव होती. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचे मापही हेच होते. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, वळणे आखूड घेता येतात आणि खर्चही बेताचा येतो. म्हणून मोठी रेल्वे जेथे जात नसे, तेथे अशा गाड्या जात.

फलता हे गाव लहान असले, तरी इतिहासाने त्याची दखल घेतलेली आहे. १७५६ साली सिराजउद्दौल्याने कलकत्ता जिंकले, तेव्हा पळालेल्या इंग्रजांनी नदीच्या खालच्या अंगाला याच ठिकाणी आश्रय घेतला. पुढे क्लाइव्ह आणि वॉटसन यांची कुमक येऊन पोहोचली, आणि २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले.

रेल्वेचे वैभव मात्र फार काळ टिकले नाही. मोटारबस आल्यावर देशभरातील छोट्या गाड्यांची जी गत झाली, तीच तिचीही झाली. हिच्या तर शेजारीच मोठा रस्ता होता. १९५७ साली ती बंद पडली. तिच्या तिघी बहिणींनी आणखी काही वर्षे तग धरला. १९६६-६७ च्या सुमारास त्या सरकारकडे आल्या आणि पुढे यथावकाश रुंदमापी झाल्या. आज त्यांवरून मोठ्या गाड्या धावतात. फलत्याला मात्र पुन्हा आगगाडी गेली नाही.

शहराच्या बाजूची पट्टी तेवढी शाबूत राहिली आणि तिचा रस्ता झाला. त्याला नावही साजेसे मिळाले. पाद्री जेम्स लाँग यांचे कार्य याच भागातील ठाकुरपुकुर येथे चालत असे. निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दाखविणाऱ्या दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ साली त्यांना एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली. भाषांतरावर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला या रस्त्यावरून चालताना थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील.

कामानिमित्त कोलकात्याला गेले असता बेहाल्यातील एका परिचित कुटुंबाकडे माझा मुक्काम होता. घरातील काकाबाबूंचे वय ऐंशीच्या घरात, दृष्टी अधू. त्यांचे आजोळ आमतल्याचे. लहानपणी ते आईचे बोट धरून याच छोट्या गाडीने मामाकडे जात. ‘मला एकदा मेट्रोने ने, मा,’ ते मला म्हणाले. बंगालमध्ये वडीलधारी माणसे मुलीबाळींना ‘मा’ म्हणूनच हाक मारतात.

आम्ही माझेरहाटला बसलो. जोका ते तारातला हा उन्नत मार्ग ३० डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये तो माझेरहाटपर्यंत आला. डबा थंड, स्वच्छ आणि चकचकीत होता. काकाबाबूंचे लक्ष मात्र स्थानकांच्या नावांकडे होते. पाट्या मी वाचत होते. सखेरबाजार आले, तेव्हा ते सावरून बसले. ठाकुरपुकुरला त्यांनी ते नाव स्वतःशीच दोनदा उच्चारले. पासष्ट वर्षांनी ही नावे पुन्हा गाडीच्या वाटेवर आली होती.

जोक्याला गाडी थांबली आणि सारे उतरू लागले. काकाबाबू बसूनच राहिले. ‘आणि आमतला?’ त्यांनी विचारले. मी म्हणाले, ‘काकाबाबू, गाडी येथवरच.’ मग ते उठले. ‘तेव्हा तिकीट पुढचे मिळत असे,’ एवढेच ते बोलले.

परतताना मनात आले, शहराला त्याच्या गाडीच्या बदल्यात आधी रस्ता आणि मग मेट्रो मिळाली. खेड्यांच्या वाट्याला मात्र आठवण तेवढी आली. छोटी गाडी बंद करताना तोट्याचा हिशेब मांडला जातो. पण ती कोणाला कोठवर नेत होती, याचाही हिशेब एखाद्या वहीत असावयास हवा. आपल्या गावाजवळ अशी एखादी जुनी वाट असेल, तर घरातील वृद्धांना सोबत घेऊन तिच्यावरून एकदा चालून यावे. ती वही बहुधा त्यांच्यापाशीच असते.