जावरच्या भिंती

पुंडलिकनगरात बोअरवेलची गाडी लागली की सारी गल्ली राखाडी भुकटीने भरून जाते. ही भुकटी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर थिजले आणि दख्खनचे पठार झाले. त्यातील पोकळ्यांत फार तर झिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. जस्त, शिसे, चांदी यांच्या शिरा येथे नाहीत. महाराष्ट्रातील जस्त आढळले ते या लाव्हाच्या पलीकडे, नागपूर जिल्ह्यातील कितीतरी जुन्या खडकांत.

या नगरातील एका वृद्ध श्रावकांनी चाळीस वर्षे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालविले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे त्यांना धंद्याने शिकविले होते. जस्त कोठून येते, हा प्रश्न मात्र सत्तरीपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला केसरियाजीच्या यात्रेत. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, वाट थोडी वाकडी केली की जावर लागते. तेथे जुनी जिनमंदिरे आहेत म्हणून गाडी तिकडे वळली. सोबत मुलगा होता आणि मुलाच्या पिशवीत एका खडी क्रशरच्या भागीदारीचा मसुदा. वडिलांची सही तेवढी व्हायची होती.

जावरचे डोंगर अरवलीचे. तेथील खडक दीड अब्ज वर्षांहून जुने. डोलोमाइट नावाच्या, चुनखडीच्या जातीच्या खडकात जस्त आणि शिसे यांची गंधकयुक्त खनिजे शिरा-उपशिरांनी पसरलेली आहेत, आणि शिशाच्या सोबतीने चांदीही. कर्नल टॉडने या खाणींच्या शोधाचे श्रेय १४व्या शतकाच्या अखेरच्या राणा लाखांना दिले आणि येथे कथील निघते असे लिहिले. दोन्ही विधाने तपासात टिकली नाहीत. धातू जस्त होता. आणि जुन्या खाणींत सापडलेली लाकडे दोन हजार वर्षांहून प्राचीन ठरली. त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती. खडकाला आग लावून तो तापवीत, तडकला की फोडीत.

जस्त काढणे इतर धातूंइतके सोपे नाही. तांबे, लोखंड वितळून भट्टीच्या तळाशी उतरते. जस्ताची मात्र ९०७ अंश सेल्सियसला वाफ होते आणि खनिजातून धातू सुटायला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफेच्या रूपात, आणि हवा लागताच जळून पांढरी राख होते. जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस भरायची, तोंडात एक काडी खोवायची, मूस भट्टीत उलटी बसवायची. काडी जळून गेली की तिच्या जागी वाट उरे; वाफ त्या वाटेने खाली उतरे आणि थंड होऊन धातू बने. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून हे सारे उत्खननातून उजेडात आणले. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीपासून पेटत होत्या.

वापरून झालेली मूस पुन्हा उपयोगी पडत नसे. म्हणून लोकांनी त्या मुशी रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या. वृद्ध श्रावक त्या भिंतींपाशी बराच वेळ थांबले. जवळच मध्ययुगातील जिनमंदिरांचे कोरीव दगड होते.

उपासकदशांगात आनंद श्रावकाला सांगितलेली पंधरा कर्मादाने ते पाक्षिक प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे म्हणत आले होते. अंगारकर्म म्हणजे भट्टीचा धंदा, वनकर्म म्हणजे जंगलतोडीचा, स्फोटकर्म म्हणजे जमीन आणि खडक फोडण्याचा. श्रावकाने टाळावयाचे हे तिन्ही व्यवसाय जावरमध्ये एका जागी चालत होते, आणि त्याच जागी श्रावकांनी मंदिरेही बांधली होती.

मुलाच्याही ते ध्यानात आले. “बाबूजी, खाणीच्या गावात मंदिर उभे राहिले, मग खडीच्या पैशालाच दोष का? आणि आपले दुकान याच धातूवर चालले ना?”

मुलाचा प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. आपण व्यापारी माणसे बहुधा साखळीच्या शेवटच्या कडीला हात लावतो आणि आपला हात स्वच्छ मानतो. हिशोबशास्त्र खाणीला संपत जाणारी मालमत्ता म्हणते, तिची घट दरसाल वहीत लिहिते. पण ती घट किमतीची असते. फुटलेल्या डोंगरातील पृथ्वीकायाच्या जीवांना त्या वहीत रकाना नाही.

जावरच्या भट्ट्या १८१२-१३ च्या दुष्काळानंतर थंडावल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील शिसे-जस्ताच्या खाणी तुटल्या, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जावरकडे पुन्हा लक्ष वळविले. पूर्वजांचे खड्डे हीच त्यांची वाट दाखविणारी खूण होती. पुढे मेटल कॉर्पोरेशन आले, १९६६ मध्ये सरकारी हिंदुस्थान झिंक आली, २००२ मध्ये निर्गुंतवणुकीने ती खासगी हाती गेली. आज मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई या खाणींत काम चालू आहे.

केसरियाजीचे दर्शन झाले. परतीच्या वाटेवर मसुद्याचा विषय कोणी काढला नाही. घरी आल्यावर वडिलांनी तो शांतपणे मुलाच्या हाती दिला; करावयाचे तर स्वतःच्या नावाने कर, पेढीच्या पैशाने नको, एवढेच म्हणाले. मुलाने बँकेचे कर्ज काढून भागीदारी केली. क्रशर सुरू आहे. दुकानही सुरू आहे, तेथे अजून पितळ विकले जाते. आणि दुकानाविषयी मुलाने जे विचारले होते, त्याचे उत्तर वडिलांनी अद्याप दिलेले नाही.