रिलीव्हर कधी येणार?

लाइनवर काम करणाऱ्या बायका पाणी कमी पितात. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत कामगारांची तब्येत तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे लवकरच कळतं, पुस्तकात मात्र सापडत नाही. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, तक्रार नेहमीचीच. गोळ्यांनी आठवड्यात बरं वाटतं आणि महिन्याभराने बाई पुन्हा समोर. ‘पाणी भरपूर प्या,’ मी सांगतो. ‘हो सर,’ ती म्हणते. दोघांनाही ठाऊक असतं की हे होणार नाही. जागा सोडायची तर रिलीव्हर लागतो, म्हणजे तेवढ्यापुरता तिच्या जागी उभा राहणारा माणूस. अख्ख्या लाइनला तो एकच. त्याला बोलवायचं तर सुपरवायझरला सांगायचं, आणि तो तिच्या मुलाच्या वयाचा. त्यापेक्षा तहान परवडली. लॅबच्या रिपोर्टात ई. कोलाय येतो, रिलीव्हर येत नाही.

कामातली पायरी आणि तब्येत यांच्या नात्यावरचा आमच्या शास्त्रातला सर्वांत गाजलेला अभ्यास कारखान्यातला नाहीच, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतला आहे. ‘व्हाइटहॉल’ नावाचा हा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. उपाशी कुणीच नाही, नोकरी सगळ्यांची पक्की, सरकारी दवाखाना सगळ्यांना फुकट. तरीही तळाच्या शिपाई-दरवानांमध्ये मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. बरं, मधल्या पायऱ्यांवरही तोच उतार. वरून दुसऱ्या पायरीवरचा साहेबसुद्धा पहिल्या पायरीवरच्याच्या मागेच. बिडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब मांडूनही निम्म्याहून जास्त फरक उरलाच. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास हाती घेतला. त्यात हृदयविकाराच्या या उताराचा मोठा वाटा एका गोष्टीशी जुळला: आपल्या कामावर आपला ताबा किती.

हे सांगितलं की मॅनेजर मंडळी हमखास हसतात. ‘डॉक्टर, टेन्शन तर आम्हाला असतं!’ असतंच. पण रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेला मुद्दा असा की, नुसता कामाचा बोजा माणसाला तेवढा खात नाही. बोजा भरपूर आणि अधिकार शून्य, ही जोडी खाते. मॅनेजर मीटिंग पुढे ढकलू शकतो, पोराच्या शाळेत जाऊन येऊ शकतो. कंत्राटी ऑपरेटरला पुढच्या आठवड्याची पाळी रविवारी रात्री मोबाइलवर कळते. मग लग्न, दवाखाना, झोप, सगळं त्या मेसेजच्या हवाली. संकटात अंगात उसळणारं अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल थोड्या वेळासाठी कामाची असतात. तीच वर्षानुवर्षं उतरली नाहीत, तर रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर यांवर त्यांचा परिणाम होतो. अशा माणसाला मी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचं सोडून दिलं आहे. तो घेत नाही, त्याला ते मिळतं.

एकाच मशीनच्या दोन बाजूंना कायम आणि कंत्राटी कामगार उभे असतात. काम तेच, शर्टाचा रंग वेगळा, कँटीनचा दर वेगळा. कायम कामगाराची वीस वर्षांची भिशी असते, कंपनीचा गणपती असतो, युनियन असते. तो आजारी पडला की चौघं घरी येतात. सुरगाण्याहून किंवा पेठहून आलेला पोरगा चुंचाळ्यात पाचजणांत खोली घेऊन राहतो. पाचांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे खोलीत असतात ते बहुतेक झोपलेलेच. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला गेला, त्यात तीन लाखांवर माणसं होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. सिगारेट सोडण्याच्या फायद्याशी तोलावी इतकी ही गोष्ट मोठी आहे. पण भिशीची चिठ्ठी मला लिहून देता येत नाही.

मानाचं मोल नाशिकला लंडनकडून शिकायचं कारण नव्हतं. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे जमलेल्या हजारोंना दर्शनापेक्षा माणूस म्हणून बरोबरी हवी होती. दारात अडवलं जाणं शरीरातही मुरतं, हे सांगायला आकडेवाले फार उशिरा आले.

मग करायचं काय? एका कारखान्यात (नाव कशाला?) मी दोनच गोष्टी सुचवल्या. लाइनवर दुसरा रिलीव्हर द्या. आणि पाळीचा तक्ता महिनाभर आधी लावून पाळ्यांची अदलाबदल कामगारांना आपसांत करू द्या, साहेबाची सही न लागता. पहिली मान्य झाली. दुसरीवर ‘मग शिस्तीचं काय?’ असा प्रश्न आला आणि फाइल थांबली. खर्च पहिलीला होता, दुसरी फुकट होती.

वार्षिक तपासणीच्या अहवालात मात्र कामगारांची तब्येत छान दिसते. यात लबाडी नाही. आमच्या शास्त्रात याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात: तपासणीला तेच येतात, जे अजून कामावर टिकले आहेत. ज्याची पाठ गेली, ज्याची साखर रात्रपाळीत हाताबाहेर गेली, तो कंत्राटी पोरगा काही महिन्यांतच यादीतून गळतो. पंचेचाळिशीत त्याला झटका येईल तेव्हा तो गावी असेल, आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ लिहिलेलं असेल.