पहिल्या पावसाच्या आधी

खिरीचा सण उरकला की आमच्या बेरशेवातल्या अंगणाला जाग येते. कोकणात हे दिवस पाऊस परतण्याचे. येथे मात्र उन्हाळाभर आभाळ कोरडे गेलेले असते आणि पहिला पाऊस, ज्याला 'योरे' म्हणतात, अजून यायचा असतो. मधल्या त्या तीन-चार आठवड्यांतच अंगणाचे खरे काम असते.

आम्ही 1977 साली या देशात आलो. अंगणाचे घर मिळाले 1986 मध्ये. आमच्या ह्यांनी स्वतः खणून किकुयू गवताची कांडे लावली. हे गवत मूळचे पूर्व आफ्रिकेतले. मुलांची बार मित्स्वा, मुलीची मेंदी, सारे त्याच हिरवळीवर झाले.

आधी आमची फजिती सांगतो. एका ऑक्टोबरात आम्ही उत्साहाने युरिया फेकला आणि पाणी उद्यावर ढकलले. रात्रीच तापलेला शाराव वारा सुटला. तिसऱ्या दिवशी हिरवळीवर भाजल्यासारखे पिवळे चट्टे! आमच्यापैकी एकीने तीस वर्षे वॉर्डात सलाइनचे थेंब मोजले, पण अंगणात ते शहाणपण सुचले नाही. आता हवा निवल्याशिवाय खताला हात लावत नाही. तेही थोडे, संध्याकाळी, आणि पाठोपाठ पाणी.

येथली लोएस माती पिठासारखी बारीक. पहिल्या सरीनेच वर पापुद्रा धरते आणि पाणी वाहून जाते. वर्षाचा पाऊस तो काय, साधारण 200 मिलिमीटर. अलिबागला तेवढा चार दिवसांतही पडतो. म्हणून पावसाआधी काटेफावड्याने वीतवीतभर अंतरावर भोके पाडून वर कुजलेले खत पसरतो. गुलाबाच्या ठिबक नळीचे टोकाचे बूच काढून पाणी जोरात सोडले की साठलेला चुना बाहेर पडतो. पाणी आता आठवड्यातून एकदाच.

यंदा ह्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुलगा म्हणाला, "आई, सिमेंट करून टाकू. पप्पांना कशाला त्रास?" हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच हिरवळीच्या मधोमध दोरी ताणली. अर्धी राहील, अर्धी जाईल.

खणले नातवाने. किकुयू चिवट, एक पेर राहिले तरी पुन्हा फुटते. मोकळ्या जागेत रोझमेरी आणि लव्हेंडर लावली. मुळे धरली की त्यांना पाणी थोडेच पुरते. कडेला नर्गिसचे कांदे आणि कलानीतचे वाळके कंद घातले. कंद आधी काही तास पाण्यात भिजवायचे आणि दोन बोटे खोल पुरायचे.

दोरी अजून तशीच आहे. हे सकाळी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. खणलेल्या बाजूला किकुयूचा कोंब डोकावला की काठीने दाखवतात. तो उपटायचा की ठेवायचा, यावर आमची रोज वादावादी.