शेंड्याचा चहा

आमच्या सीमाभागात बिनदुधाच्या चहाला प्रतिष्ठा नाही. कोरा चहा म्हणजे घरातलं दूध संपलंय, नाहीतर कुणीतरी आजारी आहे, नाहीतर सुतक आहे. पाहुण्यापुढं कोरा चहा ठेवला तर तो घरी जाऊन त्याची गोष्ट सांगणार. निपाणीच्या स्टँडवर काय किंवा बेळगावच्या खडेबाजारात काय, चहा म्हणजे दाट, लालसर, आलं ठेचून घातलेला आणि ओठाला ओठ चिकटेल इतका गोड.

त्यामुळं एकाहत्तराव्या वर्षी मामंजींना शुगर निघाली, तेव्हा खरा प्रश्न चहाचाच आला. डॉक्टरांनी चहा बंद करा असं सांगितलं नव्हतं, साखर बंद करा एवढंच म्हणाले होते. मामंजींनी बिनसाखरेच्या दुधाच्या चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हे आंबोण जनावराला घाल." त्या दिवसापासून चहाच बंद. आम्हाला आधी बरंच वाटलं. पण दुपारी चारला कट्ट्यावर येऊन बसणारे त्यांचे दोन जुने सोबती हळूहळू यायचे थांबले, हे महिनाभरानं लक्षात आलं. आलेल्याला चहा द्यायचा आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे मामंजींना जमेना. चहा न देता बसवून घेणं तर त्याहून नको. मग चारला ते आत जाऊन पडून राहू लागले.

मामंजींनी निपाणीत चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. माल पारखणं हेच त्यांचं काम. पान चुरायचं, नाकाशी धरायचं, बोटाला किती चिकटतं ते बघायचं आणि प्रत सांगायची. शहापूरच्या घरी राहायला आल्यापासून पारखायला होतं काय, तर मी आणलेली कोथिंबीर.

वन्सं कोइमतूरला असतात. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आल्या तेव्हा कुन्नूरच्या एका मळ्यातून पांढऱ्या चहाची पन्नास ग्रॅमची पुडी घेऊन आल्या. सहाशे रुपये! आमच्या घरात महिन्याच्या चहापुडीलाही एवढे पैसे लागत नाहीत. वन्संनी पुडी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, तळहातावर चिमूटभर घेतलं. राखाडी-चंदेरी, सुईसारख्या टोकदार कळ्या, अंगावर बारीक पांढरी लव. त्यांनी एक कळी बोटांत दाबली, वास घेतला, पुन्हा घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्याला कुटलेलं नाही. मळलेलंही नाही. नुसतं सुकवलंय."

पुडीवर इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी वाचलं नव्हतं, पण बोलले ते अगदी बरोबर होतं.

आपल्या डब्यातली भुकटी आणि ही कळी एकाच जातीच्या झाडाची. फरक आहे तो खुडल्यानंतर पानाचं काय केलं यात. आपल्या रोजच्या चहाचं पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी करून निघतं, म्हणून तो झटकन लाल रंग सोडतो आणि दूध-साखरेला पुरून उरतो. हिरव्या चहाचं पान खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणजे ते काळवंडत नाही. पांढऱ्या चहाला यातलं काही करत नाहीत. न उमललेली कळी, फार तर तिच्याखालचं एखादं कोवळं पान खुडायचं, पसरून एक-दोन दिवस कोमेजू द्यायचं आणि मंद उष्णतेवर वाळवायचं. मूळ चीनच्या फुजियान प्रांतातली ही रीत. नीलगिरीत कुन्नूर-कोटगिरीच्या बाजूला अठराशे मीटरच्या आसपास आणि त्याहून उंचावरही चहाचे मळे आहेत. तिथल्या थंडीत झाड सावकाश वाढतं, त्यामुळं कळीत वास साठतो. साध्या चहालासुद्धा चार-पाच किलो ओला पाला सुकवावा तेव्हा किलोभर चहा हाती येतो. इथं तर नुसत्या कळ्या, त्याही हातानं खुडलेल्या. सहाशे रुपयांचा राग माझा तिथं थोडा निवळला.

मामंजींना मात्र वेगळंच नवल वाटलं. विडीच्या तंबाखूला फूल धरायच्या वेळेला शेंडा खुडतात. शेंडा गेला की झाडाचं बळ पानांत उतरतं, पान जाड आणि कडक होतं. नंतर बगलेत फुटवे येतात, तेही काढावे लागतात. खुडलेला शेंडा शेतातच टाकून देतात, त्याला कुणी विचारत नाही. "आम्ही जन्मभर शेंडा फेकला," ते वन्संना म्हणाले, "आणि तुझी माणसं शेंडाच विकतात!" त्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, "करायचा कसा?"

करायला सोपा आहे, फक्त उकळायचा नाही. आपल्या हाताला चहा उकळायची सवय, तेवढी आवरावी लागते. या कळ्या हलक्या असतात, चमच्याचं माप फसवतं. मामंजींनी कपाटातून सोनाराकडचा जुना छोटा काटा काढला. एका मोठ्या कपाला, म्हणजे दोनशे मिलीला, तीन ग्रॅम. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास हवं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यानं आमच्याकडं पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांलाच उकळतं, कुन्नूरला त्याहून तीन-चार अंश कमी. उकळलेलं पाणी दोनदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं की बेताचं निवतं. मग कळ्यांवर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. पाणी जास्त कढत असेल तर तुरटपणा येतो आणि तो नाजूक वास उडतो. गाळून घेतल्यावर त्याच कळ्यांवर दुसरं पाणी, थोडा जास्त वेळ. मग तिसरं. मला दुसरं पाणी सगळ्यात आवडतं.

रंग अगदी फिका, वाळलेल्या गवतासारखा. पहिल्या घोटाला वाटतं, यात काहीच नाही. गिळल्यावर कळतं. मला काकडी आणि ताजं कापलेलं गवत आठवलं. मामंजी म्हणाले, "पावसानंतर वाळायला घातलेल्या कडब्याचा वास." जिभेवर मागाहून एक गोडी येते, आणि साखरेवाचून ती येते हेच त्यांना पटलं.

पाण्यानं फरक पडतो हे त्यांनीच शोधलं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात चहा मुका होतो, वर तवंग धरतो. नळाला येणाऱ्या राकसकोपच्या पाण्यात वास मोकळा होतो. आता नळाच्या पाण्याचा एक तांब्या चहासाठी वेगळा झाकून ठेवलेला असतो आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खानापूरचं मातीचं भांडंही त्यांनी करून बघितलं. मातीनं वास पिऊन घेतला. शेवटी काचेचा ग्लासच बरा ठरला, कारण कळ्या पाण्यात उभ्या राहून सावकाश खाली बसतात ते दिसतं.

पुडीवर आरोग्याचे बरेच दावे असतात. त्यांच्यावर विसंबून औषधाची गोळी कुणी चुकवू नये. या चहानं मामंजींची शुगर उतरली असं मी म्हणणार नाही. साखर घालावी लागत नाही, एवढाच त्याचा खरा उपयोग. हा चहा निरुपद्रवी म्हणून रात्री प्यावा असंही काहीजण सांगतात, पण कोवळ्या कळीत कॅफीन चांगलंच असतं. आमच्याकडं साडेपाचनंतर बंद.

आणि भडंगाबरोबर घेऊ नये. लसणीच्या तिखटापुढं बिचाऱ्याचं काही चालत नाही.

आता चारला दोन्ही सोबती पुन्हा येतात. त्यांच्यासाठी मी आपला नेहमीचा, आल्याचा, गोड चहा करते. मामंजी आपला ग्लास घेऊन बसतात. पहिल्या दिवशी त्यातल्या एकांनी ग्लासाकडं बघून हळूच मला विचारलं, "दूध आणून देऊ काय?" आता ते तिसरं पाणी मागून घेतात. कळी, पान, वाळवण असल्या गोष्टींवर तिघांचा वाद होतो आणि तो शेवटी जुन्या वखारीतल्या मालावर जातो. तिथं कुणीच माघार घेत नाही.

गेल्या थंडीत दुसऱ्या मळ्याची पुडी आली. मामंजींनी वास घेतला आणि वन्संना फोन लावायला सांगितला. "ह्यात देठ जास्त आलेत," ते म्हणाले. "मळेवाल्याला सांग, निवडणारी बाई नवीन दिसते."