मरुभूमींतील मुक्काम

आपले वैयाकरण ‘मरु’ हा शब्द ‘मृ’ धातूपासून साधतात. त्यामुळें मरुभूमि म्हटली कीं जेथें कांहींच जगत नाहीं असा वाळूचा समुद्र डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु राजस्थानांत जैसलमीर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या ३,१६२ चौरस किलोमीटरांच्या मरु राष्ट्रीय उद्यानांत वाळूच्या टेकड्या जेमतेम एक पंचमांश आहेत. बाकी सारा खडकाळ माळ, खारवट सखल जमीन आणि सेवण गवताचीं कुरणें. या कुरणांत माळढोक राहतो. ज्या पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापुराजवळ नान्नजचें अभयारण्य झालें, तो आतां आपल्याकडे दुर्मिळ झाला आहे. तिकडे त्यास गोडावण म्हणतात. त्याच्या दर्शनासाठीं आम्ही उभयतां गेल्या माघांत निघालों. निघण्यापूर्वीं सर्वांत अधिक विचार करावा लागला तो मुक्कामाचा.

मन प्रथम जैसलमीरच्या किल्ल्याकडे ओढ घेतें. ११५६ सालीं रावळ जैसलनें वसविलेल्या या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यांत आजही शेंकडों कुटुंबें नांदतात, व कित्येक वाड्यांत प्रवाशांची सोय होते. तथापि तो बांधला गेला तो पाणी घागरीनें वर आणण्याच्या काळीं. पुढें नळ आले, स्नानगृहें वाढलीं, आणि सांडपाणी टेकडीच्या मृदु थरांत मुरून कांहीं बुरूज व भिंती ढासळल्या. दोघांच्या दोन बादल्यांनीं किल्ला पडणार नाहीं, हें आम्हांसही कळतें. परंतु वरच्या प्रत्येक खोलींतला पाहुणा हेंच म्हणत असणार! आम्हीं पायथ्याच्या वस्तींत खोली घेतली व किल्ला दिवसा पाहिला.

पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरांवर सम हें स्थळ आहे. तेथें तंबूंच्या रांगाच रांगा. आंत पलंग, ऊन पाणी, शौचकूप. लहान मुलें बरोबर असल्यास याहून सोयीचें ठिकाण नाहीं. पण रात्रीं ध्वनिक्षेपकावर सिनेमाचीं गाणीं आणि प्रखर दिवे! नक्षत्रें पाहावयास आलेल्यानें तेथें काय करावें? माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. तिच्या शेजारीं हा गोंगाट आम्हांस तरी रुचला नाहीं. सूर्यास्त पाहून परतलों.

उद्यानाच्या आंत सुदासरीस वनखात्याच्या झोपड्या आहेत. पक्ष्यासाठीं हेंच स्थळ उत्तम. मात्र परवानगी जैसलमीरास आधीं काढावी लागते, आणि जवळपास ना बाजार, ना वैद्य. आमच्या कुटुंबास रक्तदाबाचा विकार. तेव्हां तेथें रात्र काढण्याचें धाडस केलें नाहीं.

शेवटीं नैर्ऋत्येकडील खुरी गांवीं दोन रात्री राहिलों. शेणामातीनें सारवलेली गोल झोपडी, बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, अंगावर दोन रजया. थंडी मात्र हाडांत शिरते. लोकरीचे मोजे नेलेच पाहिजेत.

दुसऱ्या दिवशीं भल्या पहांटे जीपनें सुदासरीकडे निघालों. वाटेंत पवनचक्क्या, आणि त्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारा. माळढोकाचे डोळे बाजूंस असल्यानें समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाहीं; त्यांतून नराचें वजन १५ किलोपर्यंत, झटकन् वळणें होत नाहीं, आणि तो तारेवर आदळून मरतो. त्या तारा आम्ही मोजूं लागलों व पुढें सोडून दिलें.

कुंपणापलीकडे, बऱ्याच अंतरावर, तीन माळढोक चरतांना दिसले. आमच्या कुटुंबानें दुर्बीण हातांतून खालीं ठेविली नाहीं. तिघेही गवतांत दिसेनासे होईपर्यंत वाटाड्यानें जीप सुरू केली नाहीं.